गुरुवारचा वास

५ जानेवारी, सोमवार

दिवाळीनंतर आज वही उघडतेय. माफी वहीची मागायची की स्वतःची, ते कळत नाही. सांगण्यासारखं कारण एकही नाही. सहामाहीचे पेपर, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तळवडे चौकातलं ट्रॅफिक. असलं सगळं गेल्या वर्षीही होतं आणि तेव्हा मी लिहीत होते.

आज लिहायला बसले ती समर्थमुळे.

सातवीला द्रव्य सुरू केलं. कण, अणू, रेणू. वर्गाच्या पुढच्या कोपऱ्यात उदबत्ती लावली. ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. पुढच्या बाकांपासून हात उठत उठत मागे गेले. इतकी वर्षं हे करतेय, तरी ते हात उठताना बघायला दर वेळी मजा येते. सांगितलं, उदबत्तीतून सुटलेले कण हवेतून तुमच्या नाकात शिरले. वास म्हणजे नुसती भावना नाही, पदार्थच आहे तो.

समर्थ उभा राहिला. गावातलाच मुलगा, घरची थोडी शेती, वडील आता टेम्पो चालवतात. म्हणाला, "मॅडम, मंग दुपारी बिस्कीट कंपनीचा वास येतो तवा बिस्कीटच येतंय व्हय आपल्याकडं?"

वर्ग हसला. मी म्हटलं, हो, एका अर्थी.

"म्हंजी आपण रोज फुकटात खातोय!"

मग कोण ऐकतंय. ओम म्हणाला, तोंड उघडं ठेवलं तर जास्त येईल. निम्मा वर्ग आ वासून बसला. तेवढ्यात मुख्याध्यापक गायकवाड सर दारात आले, वर्गाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता निघून गेले.

६ जानेवारी, मंगळ.

सकाळी बसमध्ये टोचत राहिलं. "एका अर्थी" म्हणजे नक्की कोणत्या अर्थी? अडचणीच्या प्रश्नावर हा शब्द फार सोयीचा आहे.

वर्गात आधी तेच दुरुस्त केलं. अख्खं बिस्कीट येत नाही. भाजताना त्यातले काही हलके रेणू उडतात, तेवढेच येतात.

समर्थ : "साखर?"
नाही.
"मैदा?"
नाही.
"मंग ह्याला काय अर्थ हाय."

दुसरी दुरुस्ती जास्त लाजिरवाणी. काल फळ्यावर 'विसरण', म्हणजे कणांचं आपोआप पसरणं, असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. पण कंपनी आहे ओढ्यापलीकडे. एवढ्या लांबून रेणू आपले आपण पसरत येतात की त्यांना वारा आणतो? मला वाटतं वाराच. पण मला 'वाटतं'. शब्द पुसला आणि तिथे प्रश्नचिन्ह काढलं. मॅडमने स्वतःचं लिहिलेलं पुसलं याचा वर्गाला झालेला आनंद वर्णन करण्यापलीकडचा.

शोधायचं ठरलं. लहान सुट्टीनंतर वास येतो. त्या वेळी सगळ्यांनी बाकावर डोकं ठेवायचं, डोळे मिटायचे, बोलायचं नाही. वास आला की हात वर. एकाने उभं राहून बाकांच्या नकाशावर खुणा करायच्या. वारा असेल तर खिडकीची रांग आधी, दाराची नंतर.

उभं राहायला वैष्णवीने सगळ्यांच्या आधी हात वर केला. "मीच लिहिते मॅडम, माझं अक्षर चांगलं आहे." खरंच चांगलं आहे. शिवाय तिची आई त्याच कंपनीत पॅकिंगला आहे, त्यामुळे बिस्कीट या विषयात तिचा शब्द शेवटचा.

७ जाने., बुध.

खिडकीची रांग आधी! दाराकडचे हात बऱ्याच वेळाने. खिडकीला बांधलेला दोरा आत उडत होता. म्हणजे आजपुरतं तरी वारा. ओमचा हात शेवटी वर आला. त्याने श्वास धरून ठेवला होता, "साठवायला".

वैष्णवीने नकाशा सुरेख केला. उद्या परत. एका दिवसाच्या निरीक्षणावर विश्वास ठेवायचा नाही, असं मी ऐटीत म्हटलं.

८ जाने., गुरु.

आजच्यासारखा तास मी आयुष्यात घेतलेला नाही, आणि तो मी घेतलाच नाही, तो झाला.

बस आज लवकर पोचली, रस्ता मोकळा होता. तेव्हाच कळायला हवं होतं.

नकाशा काढायची पाळी आज समर्थची, कारण रोज बदल व्हायचा हे ठरलेलं. वैष्णवीचं तोंड उतरलं. मी लक्ष दिलं नाही. गायकवाड सर "काय चाललंय हे" म्हणून आत आले, मुलांनी त्यांनाही मागच्या बाकावर बसवलं. "सर, डोळे मिटा. चीटिंग नाही."

शांतता. मग खिडकीच्या रांगेत एक हात. दुसरा. मग जवळजवळ सगळा वर्ग. मलाही आला. लोण्यासारखा, थोडा करपट. मागून गायकवाड सर म्हणाले, "अरे वा, आज वेलचीचा दिसतोय."

आणि ओम डोकं वर करून म्हणाला, "मॅडम… आज गुरुवार हाय की वो. पप्पा घरी हायत."

गुरुवार. अख्ख्या एमआयडीसीला सुट्टी. भट्टी बंद. सगळ्यांनी वैष्णवीकडे बघितलं. आई कुठंय? "घरी," ती म्हणाली. "कपडे धुतीये."

मग जो हशा झाला! सर स्वतःच पोट धरून. "वेलची! वेलची!" म्हणून पोरं बाक बडवत होती. मी खुर्चीत बसून डोळे पुसले. नसलेल्या लोण्याचा वास मला आला होता. रसायनशास्त्राची पदवी, आणि नाक हे असं.

हसू ओसरल्यावर फळ्यावर लिहिलं : जो वास हवा असतो तो आपल्याला येतो. मग तपासायचं कसं? समर्थ म्हणाला, "गुरुवारी तपासायचं." यापेक्षा चांगलं उत्तर पुस्तकात नाही.

नकाशावर उभ्या समर्थचं सोडून एकच बाक कोरं होतं. वैष्णवीचं. फक्त तिचाच हात वर नव्हता. वर्गाने टाळ्या वाजवल्या, सरांनी हात मिळवला. नावही लगेच पडलं, कंपनीत माल तपासणाऱ्यांवरून : "क्यूसी वैष्णवी". ती खाली बघत राहिली. लाजली, असं मला वाटलं.

९ जाने., शुक्र.

आज भट्टी चालू. दोरा आत. वास असा की ऑफिसातून शिपाईकाका म्हणाले, आज चहाबरोबर काहीतरी हवं.

सगळे हात वर. वैष्णवीचा नाही.

ओम नकाशा घेऊन उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंड उघडलं. मी मानेनेच नको म्हटलं. त्याने ते मिटलं. पोरगा शहाणा आहे. नंतर मी म्हटलं, आज नकाशा वाचायचा नाही, वेळ नाही. वेळ होता.

म्हणजे तिला येतच नाही? उदबत्तीच्या दिवशी तर हात वर होता. पण तेव्हा डोळे उघडे होते. शेजारच्या बाकाबरोबर वर केला असणार. आणि ते उभं राहून लिहायचं काम तिने अक्षरासाठी नाही मागितलं…

काल टाळ्या वाजवल्या आम्ही.

आज एक निरीक्षण लपवलं. तिला सांभाळायला लपवलं, असं म्हणतेय. की मला काय बोलायचं सुचलं नाही म्हणून?

१० जाने., शनि.

शाळा सुटल्यावर वैष्णवी नळाजवळ थांबली होती. दप्तराचा बंद पिळत होती.

"मॅडम, मला वास कसा असतो ते माहीत नाही."

मी विचारलं, कधीपासून. "माहीत नाही. मला वाटायचं सगळे आपले म्हणतात. कसं, प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात तसं. फुलं आली की 'आहाहा' म्हणायचं असतं." मग म्हणाली, "तुम्ही सोमवारी म्हणालात की खरंच कण नाकात जातात. तेव्हा कळलं की माझ्याच नाकात काही होत नाही."

माझ्या तोंडून भलताच प्रश्न गेला. घरी गॅस कोण पेटवतं?

"मीच. आईची पहिली शिफ्ट असते ना."

गॅस गळला तर हिला कळणारच नाही.

ती मात्र दुसऱ्याच काळजीत. "गुरुवारचं मग खोटं ठरेल ना? मी काही हुशार नव्हते. मला कधीच येत नाही, म्हणून नाही आला." मी म्हटलं, तुझं निरीक्षण खरंच होतं. आम्ही त्याला लावलेलं कारण चुकलं. तिने विचार केला. "मग कारण दुरुस्त करायला पाहिजे." हे वर्गाला सांगायचं की नाही ते तुझ्यावर, असं सांगून निघाले. बरोबर केलं का?

११ जाने., रवि.

नवऱ्याला, सुहासला, घेऊन स्कूटरवर वैष्णवीच्या घरी. कंपन्यांना रविवार नसतो, त्यामुळे आई शिफ्ट करून नुकती आली होती. भाड्याची खोली, कुटुंब बीडकडचं. वडील कंपनीची बस चालवतात, ते ड्यूटीवर.

मी सांगितलं. आई आधी हसली, "असं कुठं असतं का मॅडम". मग तिला आठवलं. लॉकडाऊनच्या दिवसांत तिघंही तापाने पडली होती. "आमचा दोघांचा वास गेला न् महिन्यानं परत आला. लेकराला कुणी इचारलंच न्हाई हो." आणि मग, "दूध करपलं की मी हिलाच मारायचे, ध्यान कुठंय म्हणून."

वैष्णवी : "दोनदाच मारलंस, आई."

सुहासने साबणाचा फेस करून गॅसच्या नळीला आणि जोडाला लावून दाखवला. बुडबुडे आले तर गळती. वास लागत नाही, डोळे पुरतात. शिवाय वापर झाला की रेग्युलेटर बंद, दर वेळी. वैष्णवीने स्वतः दोनदा करून पाहिलं. आता निदान आज रात्री मला झोप लागेल. गळती झाली की वाजणारा अलार्म मिळतो, तोही सुहास बघणार आहे.

निघताना तिने आईला विचारलं, "तुझ्या कपड्यांना बिस्किटांचा वास येतो? रोज?"

"रोज. बसमधल्या बाया म्हणतात ना, आली बिस्कीटवाली."

"मला कधी सांगितलं नाहीस!" अशी हसली, जणू आईने मोठी गंमत लपवून ठेवली होती.

१३ जाने., मंगळ.

तिने सांगितलं. स्वतः उठून, फळ्यापाशी जाऊन. "गुरुवारी मी बरोबर नव्हते. मला कशाचाच वास येत नाही. कारण दुरुस्त करून घ्या."

मुलं क्रूर असतात, हे मीच दर वर्षी स्टाफरूममध्ये म्हणते.

समर्थ : "कशाचाच? गटाराचाबी न्हाई?"
"नाही."
"ओमच्या मोज्याचा?"
"नाही."
"लय भारी राव!"

ओमने मोजे वर ओढले. समर्थने लगेच ठराव मांडला की संडास-सफाईच्या पाळीला ह्या वर्षी क्यूसीच. वैष्णवीने पट्टी फेकून मारली, नेम चांगला लागला. मग प्रश्नांचा पाऊस. चव कळते का? गोड, खारट, आंबट, तिखट कळतं. आंबा आणि पपई? "दोन्ही गोड आणि गिळगिळीत." वर्ग हळहळला. इतकी मनापासूनची हळहळ मी पहिल्यांदा ऐकली.

नावात बदल नाही. क्यूसीच राहिली.

१६ जाने., शुक्र.

संक्रांतीचा उरलेला तिळगूळ नाक दाबून खाल्ला, सगळ्यांनी. नुसतं गोड आणि कचकच. नाक सोडलं की एकदम तीळ. "आला! आला!" असं प्रत्येकजण ओरडत होता. आपण चव म्हणतो त्यातलं किती नाकाचं असतं हे मी पुस्तकातून शिकवलं होतं, पण नाक दाबून कधी खाल्लं नव्हतं.

वैष्णवी बघत होती. क्षणभर वाटलं, हे करायला नको होतं. पण ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही सगळे आत्ता माझ्यासारखे होता." आणि ओम म्हणाला, "व्हय. बेकार हाय."

२२ जाने., गुरु.

आईच्या सुट्टीचा दिवस धरून डॉक्टरांकडे, चिंचवडला. मीही गेले. नाकात अडथळा काही नाही. येईल असं सांगता येत नाही, येणारच नाही असंही नाही, असं म्हणाले. ओळखीचे चार ठळक वास रोज लक्ष देऊन हुंगायचे. कित्येक महिने. धीर धरायचा.

आईला गोळी हवी होती. "नुस्तं हुंगायचं?" असं रिक्षात तीनदा म्हणाली. वैष्णवी रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला आला परत, तर पहिला तुझा वास घेईन." आई बाहेर बघायला लागली.

२९ जाने., गुरु.

विज्ञान प्रदर्शनाला काय द्यायचं? सरांचं म्हणणं, अणूचं थर्माकोलचं मॉडेल, फिरते इलेक्ट्रॉन. सातवीचं म्हणणं, गुरुवारचा नकाशा आणि शुक्रवारचा नकाशा शेजारी शेजारी. सरांनी दोन्ही नकाशे नीट पाहिले. "चांगलंय. पण यात लायटिंग कुठंय?"

शेवटी समर्थने सुचवलं की गुरुवारच्या नकाशाखाली लिहायचं, 'ह्यात मुख्याध्यापकसुद्धा होते.' सरांनी अर्धा मिनिट विचार करून परवानगी दिली. मोठा माणूस.

२ फेब्रु., सोम.

डब्या तयार. लवंग, लिंबाची साल, वेलची, निलगिरीच्या तेलाचा बोळा. औषधाच्या चार सारख्या डब्या, वर चिठ्ठ्या. घरी सकाळ-संध्याकाळ, शाळेत डबा खाऊन झाल्यावर एकदा. वर्गाने हे काम स्वतःकडे घेतलंय. नुसतं हुंगायचं नाही, तिला वास समजावून सांगायचा असा नियम काढलाय. समर्थ : "लवंग म्हंजी दाताच्या डॉक्टरकडं बसल्यावानी." ओम : "लिंबू म्हंजी डोळे बारीक हुत्यात ना, तसं, पण नाकात."

वैष्णवी : "तुम्हाला तरी माहितीये का वास म्हणजे काय?"



११ फेब्रु., बुध.

काही नाही. रोज काही नाही. ती कंटाळलीय, पण चुकवत नाही. मीच मध्येच विचारते, "आलं का काही?" आज म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारलं की मला हो म्हणावंसं वाटतं. नका विचारू."

हे मला कळायला हवं होतं. मीच तर शिकवलं.

२५ फेब्रु., बुध.

दुपारी डब्या चालू होत्या. मी वह्या तपासत होते. लवंगेच्या डबीवर ती थांबली. परत हुंगली. डोळे मिटून परत.

"काहीतरी आहे."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"वास आहे की नाही माहीत नाही. टोचल्यासारखं. पण रिकामं नाही. काहीतरी आहे."

आणि मग जो आरडाओरडा झाला, शेजारच्या सहावीचे सगळे दारात. समर्थ बाकावर उभा. ओमने तिला न विचारता तिचं दप्तर डोक्यावर घेऊन फेरी मारली. मला पेन कुठे ठेवलं ते सापडेना. मनात तिच्या आईला फोनसुद्धा लावून झाला.

ती मात्र डबी धरून उभी. ओरडा थांबेपर्यंत थांबली आणि म्हणाली,

"मॅडम, पण डबीवर लवंग लिहिलंय. मी वाचलं होतं. हे गुरुवारसारखं तर नसेल?"

बाकावरून समर्थ खाली उतरला. मला मनापासून म्हणावंसं वाटलं, नाही गं, खरंच आलाय. जिभेवर आलं होतं. पण मला माहीत नाही. टोचणं म्हणजे वास, असंही मला सांगता येत नाही. आणि मला ते किती हवंय हे माहीत आहे, म्हणूनच माझा शब्द यात घेता येणार नाही.

मी विचारलं, मग काय करायचं?

तिचं ठरलेलंच होतं. चिठ्ठ्या काढायच्या. डोळे मिटायचे. लवंगेच्या डबीशेजारी अगदी तशीच दुसरी डबी, आत काहीच नाही. पुन्हा पुन्हा द्यायची, उलटसुलट. समर्थ म्हणाला, "देणाऱ्यालाबी ठाऊक नको. न्हाईतर मी हसतोच." भरणारा वेगळा, देणारा वेगळा. ओम भरणार, व्हरांड्यात जाऊन. बाकीच्यांनी डोकी बाकावर.

आईला फोन केला नाही. वैष्णवीनेच सांगितलं, "आधी नक्की होऊ दे. नाही झालं तर डब्या चालूच आहेत की." हसत होती. हे लिहिताना मीही हसतेय, का ते कळत नाही, अजून काहीच नक्की नाही.

उद्या गुरुवार. बाहेरचा वास नाही. बरंच झालं.

उद्या : एक रिकामी डबी नेणे. धुऊन, वाळवून.